शनिवार-रविवारच्या रेडिओ मुलाखती: कला, विज्ञान आणि घडामोडी एकाच तासात कशा मांडाव्यात

सुट्टीच्या दिवशी प्रसारित होणाऱ्या तासाभराच्या कार्यक्रमात वहीगायक (डफाच्या साथीने ‘वही’ ही लोकगीते गाणारे कलावंत), सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करणारे डॉक्टर आणि धरणावरील अभियंते एकापाठोपाठ येऊ शकतात. अशा कार्यक्रमात बहुधा असे घडते की पाहुणा बदलला की मुलाखतकाराची जिज्ञासाच बदलते, म्हणजे कलावंताच्या वाट्याला कौतुक येते, वैज्ञानिकाला व्याख्या विचारल्या जातात आणि अधिकाऱ्याला केवळ जाब विचारला जातो. माझ्या मते तिघांनाही एकच मूळ प्रश्न विचारावा: हे काम तुम्ही कसे करता आणि ते बरोबर झाले हे तुम्हाला कशावरून कळते? जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील तिन्ही जिल्ह्यांत आकाशवाणीसाठी, सामुदायिक रेडिओ केंद्रासाठी किंवा महाविद्यालयीन उपक्रमासाठी मुलाखती घेऊ इच्छिणाऱ्यांनी पुढील सर्व तयारी याच प्रश्नाभोवती करावी.

विषयांची निवड करताना वर्षभराचे पंचांग आणि पिकांचे वेळापत्रक शेजारी ठेवावे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई या देवीची स्थापना होते. त्या दिवशी प्रसारण असेल तर कानबाईची गाणी म्हणणाऱ्या स्त्रियांची मुलाखत आधीच्या आठवड्यात ध्वनिमुद्रित करावी, कारण ऐन सणात त्यांना रोटांच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, स्वयंपाकातून उसंत मिळत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास झोक्यावरची गाणी, खरिपात कपाशीवरील गुलाबी बोंडअळी आणि पावसाळ्यात रावेर-यावल पट्ट्यातील केळीवरचे रोग हे विषय श्रोत्याच्या दारात आपोआप आलेले असतात. तासाची मांडणी करताना सर्वांत अवघड विषय मधोमध ठेवावा. आरंभी श्रोता अजून स्थिरावलेला नसतो आणि अखेरीस त्याचे लक्ष घरकामाकडे वळू लागते.

पाहुण्याची निवड पदावरून करू नये. विभागप्रमुखापेक्षा प्रत्यक्ष प्रयोगशाळेत किंवा शेतात काम करणारी व्यक्ती पुष्कळदा अधिक नेमके बोलते. निमंत्रण देतानाच विषय, अंदाजे वेळ आणि प्रसारणाचा दिवस स्पष्ट सांगावा. प्रश्नांची पूर्ण यादी मात्र आधी देऊ नये, कारण ती मिळाली की पाहुणे उत्तरे लिहून आणतात आणि वाचन ऐकू येऊ लागते. चर्चा कोणत्या मुद्द्यांवर होणार, एवढे कळवणे पुरेसे आहे.

अभ्यासाला मात्र कसलीही मर्यादा नसावी. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखाचे उदाहरण घ्यावे. गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्या तेराव्या शतकाच्या आरंभीच्या लेखात आहे. भास्कराचार्यांनी स्वतः सांगितलेले आपले गाव नेमके कोणते, याविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. ही दोन विधाने वेगवेगळ्या बळाची आहेत, हे मुलाखतकाराला आधीपासून माहीत असले तरच तो गणिताच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ‘लेखात काय कोरले आहे आणि त्यावरून आपण काय अनुमान करतो?’ असे विचारू शकतो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेत एखादी सकाळ घालवली, तर असे कित्येक प्रश्न आपोआप सुचतात.

मुलाखतीचे प्रश्न लिहिताना प्रत्येक प्रश्न एका श्वासात म्हणता येईल एवढाच ठेवावा. ‘आपण या क्षेत्राकडे कसे वळलात?’ हा प्रश्न शक्यतो टाळावा, कारण त्याचे उत्तर बालपणापासून सुरू होते आणि पाहुण्याचे काम पुढे येईपर्यंत निम्मा वेळ सरतो. त्याऐवजी कृतीपासून आरंभ करावा. वहीगायकाला ‘परंपरेचे महत्त्व काय?’ असे विचारले तर भाषण मिळते, आणि ‘समोरच्या फडाने कोडे घातले की उत्तर जुळवेपर्यंत डफ कोण सांभाळतो?’ असे विचारले तर कला समोर उभी राहते. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांच्या मेजावर रचलेल्या देखाव्यांच्या छायाचित्रांविषयी जाणकाराशी बोलायचे असेल, तर श्रोत्याला छायाचित्र दिसत नाही याचे भान ठेवून ‘प्रकाश कोणत्या बाजूने येतो? वस्तू किती लहान आहे? पाहणाऱ्याला ती मोठी का भासते?’ अशा पायऱ्यांनी चित्र शब्दांत उभे करावे.

भाषेबाबत माझे मत ठाम आहे. पाहुणा अहिराणी, लेवा गणबोली किंवा पावरी सहजतेने बोलत असेल तर त्याला प्रमाण मराठीत ओढू नये, कारण तसे केल्यास तो शब्द जपून वापरू लागतो आणि त्याच्या बोलण्यातील नेमकेपणा जातो. उत्तरानंतर मुलाखतकाराने पुढच्या प्रश्नातच त्याचा आशय प्रमाण मराठीत गुंफावा, म्हणजे वेगळ्या अनुवादाची गरज उरत नाही. संबोधनातही ओढाताण नको. वयस्कर गायकाला आबा किंवा बाबा, गाणाऱ्या ज्येष्ठ स्त्रीला मावशी आणि तज्ज्ञांना नावापुढे ‘सर’ किंवा ‘मॅडम’ असे खोलीत जसे बोलतो तसेच बोलावे, मात्र प्रत्येक वाक्याला संबोधन जोडू नये.

विज्ञानाच्या मुलाखतीत सर्वांत जास्त काळजी आकड्यांची घ्यावी लागते. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, म्हणून त्याचेच उदाहरण येथे सविस्तर घेतो. आई आणि वडील दोघेही वाहक (म्हणजे स्वतः रुग्ण नसलेले, पण आजाराचे एक जनुक बाळगणारे) असतील तर बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के, बाळ वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्हींपासून मुक्त असण्याची २५ टक्के असते. हे ऐकून ‘चार मुलांपैकी एकच आजारी होईल’ अशी समजूत होऊ शकते, तेव्हा मुलाखतकाराने तेथेच थांबून विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, पहिले मूल आजारी असेल तर पुढची तीन सुरक्षित समजायची का?’ त्याचे उत्तर ‘नाही, प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी शक्यता पुन्हा तेवढीच असते’ असे आहे, आणि ही एक ओळ अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा उपयोगी पडते. वाहक व्यक्ती आणि रुग्ण यांतील फरक स्वतंत्रपणे विचारून घ्यावा, कारण तो न कळल्यामुळे लग्नसंबंध मोडू शकतात. कोणत्याही रुग्णाचे नाव किंवा पाडा उच्चारला जाणार नाही याची खात्री ध्वनिमुद्रणापूर्वीच करून घ्यावी.

घडामोडींच्या मुलाखतीला कायद्याची एक चौकट आहे. खासगी एफएम आणि सामुदायिक रेडिओ केंद्रांना स्वतःच्या बातम्या तयार करून प्रसारित करण्याची परवानगी नाही आणि आकाशवाणीचे बातमीपत्र घ्यायचे झाल्यास ते बदल न करता द्यावे लागते. हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा आणि नागरी सुविधांविषयीची माहिती मात्र देता येते. म्हणून अशा केंद्रावर घटनेवर भाष्य करण्यापेक्षा तिच्यामागील यंत्रणा समजावून घ्यावी. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. किती दरवाजे उघडायचे हे कशाच्या आधारे ठरते, वरच्या खोऱ्यातील पावसाची माहिती कशी पोहोचते आणि तापीकाठच्या गावांना सूचना कोण देते, हे अभियंत्याला विचारले तर श्रोत्याला पुढच्या प्रत्येक पुराच्या वेळी उपयोग होतो. गुरुवारी घेतलेली मुलाखत रविवारी लागते आणि तेवढ्यात नदीची पातळी बदलते, म्हणून आरंभीच ध्वनिमुद्रणाचा वार सांगावा आणि ‘आज’, ‘काल’ हे शब्द पाहुण्यालाही टाळायला सांगावेत.

ध्वनिमुद्रणात खानदेशातील उन्हाळा ही मोठी अडचण ठरते. मे महिन्यात पंखा बंद केला की पाहुणा घामाघूम होतो आणि सुरू ठेवला की घरघर आवाजात मिसळते. अशा वेळी सकाळी सातच्या आत बसावे, किंवा जाड भिंतींची मातीची खोली शोधावी. तोंडापासून माइक साधारण एक वीत अंतरावर, किंचित बाजूला ठेवला तर प, फ, ब, भ या अक्षरांचा फटका बसत नाही. बोलणे संपल्यावर सर्वांनी अर्धा मिनिट शांत बसून खोलीचा नुसता आवाज टिपावा, कारण संकलन करताना वाक्यांमधील सांधे त्यानेच भरता येतात.

संकलनात पाहुण्याचे थांबणे सरसकट कापू नये. विचार करून दिलेले उत्तर आणि पाठ केलेले उत्तर यांतील फरक त्या थांबण्यावरूनच कळतो. वाक्य अशा ठिकाणी तर मुळीच कापू नये की ‘परंतु’नंतरची अट निघून जाईल आणि विधान ठाम वाटू लागेल. उशिरा रेडिओ लावणाऱ्यांसाठी दर पाच-सहा मिनिटांनी पाहुण्याचे नाव आणि विषय प्रश्नाच्या ओघात पुन्हा यावा. प्रसारणापूर्वी विज्ञानविषयक भागातील आकडे पाहुण्याला दूरध्वनीवर वाचून दाखवावेत. मूळ, न कापलेले ध्वनिमुद्रण तारीख, गाव, बोली आणि पाहुण्याची संमती यांच्या नोंदीसह दोन वेगळ्या ठिकाणी जतन करावे. वहीगायनाच्या बाबतीत तर गायकाच्या घरीही त्याची एक प्रत पोहोचवावी.