वर्गात पूर्वपक्ष कसा मांडून घ्यावा
न्यायसूत्रांत, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत: सत्य शोधणारा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं खोडणारी वितंडा. वर्गात वादच हवा.

तासाला एकच प्रश्न घ्या: ‘भुकेल्याने भाकरी उचलली तर ती चोरीच का?’ पहिली ५ मिनिटं वहीत लिहू द्या, नाहीतर दोन-तीन बोलकी मुलंच तास खाऊन टाकतात. मग नियम एकच. खंडनाआधी समोरच्याचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, आपल्या शब्दांत सांगायचा. त्याने ‘हो, हेच’ म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. बहुतेक जण इथेच अडखळतात. अडखळू द्या, खरं शिकणं तिथेच आहे. मनात दहा आकडे मोजा. शिक्षक घाईने उत्तर पुरवतात, म्हणून मुलं विचार सोडून वाट बघत बसतात. शेवटी कोणाचं मत कोणत्या मुद्द्याने बदललं, ते फळ्यावर लिहा.