पाण्यातून पीफास काढण्यावर पीएचडी करताय? पहिलं वर्ष असं लावा

आधीच सांगून ठेवतो, पाण्यातून पीफास (कार्बन-फ्लोरीनच्या साखळीची, सहजी न मोडणारी मानवनिर्मित रसायनं) काढणं तसं फार अवघड नाहीये. ॲक्टिव्हेटेड कार्बन काढतो, आयन एक्स्चेंज रेझिन काढतं, आरओ तर काढतंच. घाम फुटतो तो काढलेलं गेलं कुठे हे दाखवताना, आणि व्हायव्हाला नेमकं तेच विचारतात. त्यामुळे पहिल्या दिवसापासून हिशोब ठेवायची सवय लावा.

टार्गेट आकडा गाईडशी बसून आधीच ठरवा. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण संस्थेने, एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफासना लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा लावली, युरोपात २० पीफासची बेरीज लिटरला १०० नॅनोग्रॅमच्या आत हवी, आणि आपल्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, पीफासचा उल्लेखच नाही. आता पेपर चाळा, ढिगाने सापडतील, डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिटरला १० मिलिग्रॅम पीएफओए घातला आणि ९९ टक्के रिमूव्हल मिळालं म्हणे. अहो १० मिलिग्रॅम म्हणजे त्या ४ नॅनोग्रॅमच्या २५ लाख पट! नळाचं किंवा नदीचं खरं पाणी घ्या, ज्यात सेंद्रिय कार्बन असतो आणि तो ॲक्टिव्हेटेड कार्बनवरच्या जागा अडवतो, आणि त्यात लिटरला शंभर-दोनशे नॅनोग्रॅमचं स्पाइक करा, म्हणजे तेवढं पीफास मुद्दाम घाला. आकडे दिसायला कमी चांगले येतील, पण कामाचे येतील.

कोकणातल्या कुणाला विषय हवा असेल तर एक आहे. इटलीत व्हेनेतोमध्ये मितेनी कंपनीच्या पीफासमुळे जिथलं भूजल बिघडलं त्या भागात साडेतीन लाखांच्या आसपास लोक राहतात, कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, आणि तिथली मशिनरी पुढे आली ती रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामला. तिथल्या विहिरी-बोअरवेलचं बेसलाइन सॅम्पलिंग हेच एक अख्खं चॅप्टर होईल, काढायची गोष्ट नंतरची.

आता ब्लँक, म्हणजे पीफास नसलेलं शुद्ध पाणी सॅम्पलसारखंच चालवून बाहेरून काही मिसळतंय का ते बघणं. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार कारण मुलांचे महिनेच्या महिने इथेच जातात. पीफास लॅबमध्ये सगळीकडे असतं, टेफ्लॉन टेप, टेफ्लॉन लायनिंगची झाकणं, वॉटरप्रूफ जॅकेट, आणि एलसी-एमएसच्या, म्हणजे पीफास मोजायच्या मशीनच्या, पंपातल्या ट्यूब पण. म्हणून पंप आणि इंजेक्टरच्या मध्ये एक डिले कॉलम लावून घ्या, म्हणजे मशीनचा स्वतःचा पीएफओए उशिरा येतो आणि तुमच्या सॅम्पलच्या पीकवर बसत नाही. बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या. फील्डला जाताना शुद्ध पाण्याची एक बाटली न्यायची, तिथेच दुसऱ्या बाटलीत ओतायची आणि बाकीच्या सॅम्पलसोबत शेवटपर्यंत चालवायची, तिच्यात काही दिसलं तर त्या दिवसाचा डेटा संशयात.

आणि २५० मिलीच्या बाटलीतून १०० मिली काढून घेऊ असलं काही करू नका. लांब साखळीवाले (जास्त कार्बनचे) पीफास बाटलीच्या आतल्या भिंतीला चिकटतात, म्हणून अख्खी बाटली काट्रिजमधून (पीफास धरून ठेवणाऱ्या नळीतून) जाऊ द्यायची आणि मग रिकामी बाटली मेथॅनॉलने धुऊन ते धुवणही त्याच काट्रिजमधून घ्यायचं. शेवटी १ मिलीवर आणलं की २५० पट कॉन्सन्ट्रेट होतं, म्हणजे लिटरला ४ नॅनोग्रॅमवालं सॅम्पल तुमच्या व्हायलमध्ये १ नॅनोग्रॅम देतं, बस एवढंच. ईपीएच्या मोजायच्या मेथडमधून निवडताना छोट्या साखळीवाले हवे असतील तर ईपीए ५३३ घ्या, ५३७.१ च्या यादीत पीएफबीए हा छोट्या साखळीवाला नाहीच.

कार्बन भरलेल्या कॉलममधून पाणी सोडायचं काम छोट्या स्केलवर करता येतं, त्याला रॅपिड स्मॉल स्केल कॉलम टेस्ट म्हणतात. पाणी शुद्धीकरण प्लँटचाच दाणेदार कार्बन खलबत्त्यात कुटायचा, चाळायचा, बारीक भुकटी धुऊन टाकायची. समजा दाणा १ मिमीचा ०.१ मिमी केला, तर प्लँटमधला १० मिनिटांचा संपर्क वेळ तुमच्या कॉलममध्ये एका गणिताने १ मिनिट होतो आणि दुसऱ्या गणिताने ६ सेकंद, कुठलं गणित का घेतलं ते थीसिसमध्ये स्पष्ट लिहा. बारीक दाण्यावर सेंद्रिय घाण तितकी बसत नाही, त्यामुळे ही टेस्ट कार्बनचं आयुष्य जरा जास्तच दाखवते, हे पण लिहा.

ग्राफमध्ये पीएफबीए कॉलममधून आधी बाहेर यायला लागणार, पीएफओएस खूप नंतर. मग एके दिवशी पीएफबीए आत जातंय त्यापेक्षा जास्त बाहेर येताना दिसेल, रेशो १.२ वगैरे. घाबरू नका, पंप बिघडलेला नाही. लांब साखळीवाले येऊन छोट्यांना जागेवरून उठवतात. हा ग्राफ लपवायचा नसतो, उलट थीसिसमध्ये मोठा छापायचा.

डिस्ट्रक्शनवर, म्हणजे पीफास मोडून टाकण्यावर काम असेल, इलेक्ट्रोकेमिकल, यूव्ही-सल्फाइट, सुपरक्रिटिकल वॉटर वगैरे, तर पीएफओए कमी झाला एवढ्यावर नाचू नका, साखळी तुटून छोटे पीफास बनलेत का बघा आणि फ्लोराइड मोजा. पीएफओएच्या वजनात ६९ टक्के फ्लोरीन आहे, म्हणजे १ मिलिग्रॅम पूर्ण फुटला तर ०.६९ मिलिग्रॅम फ्लोराइड मिळायला हवं. पण १०० नॅनोग्रॅमचं सॅम्पल घेतलंत तर फ्लोराइड येणार ६९ नॅनोग्रॅम, ते तुमच्या इलेक्ट्रोडला दिसणारच नाही, नळाच्या पाण्यातलंच फ्लोराइड त्याच्या हजारो पट असतं. म्हणून फ्लोराइडचा हिशोब वेगळ्या, जास्त डोसच्या प्रयोगात, आणि रिमूव्हल खऱ्या पातळीवर, असे दोन सेट करा. बोरॉन-डोप्ड डायमंड इलेक्ट्रोड वापरत असाल तर पाण्यात क्लोराइड असताना परक्लोरेट तयार होतं, ते मोजलं नाहीत तर रिव्ह्यूवर मोजायला लावतील.

आणि स्टॉक सोल्युशन, धुवणाचं मेथॅनॉल, वापरलेला कार्बन यातलं काहीही सिंकमध्ये जाता कामा नये, वेगळा कॅन, त्यावर लेबल, आणि सेफ्टीवाल्यांना आधीच कळवून ठेवा कारण त्यांचा पिकअप महिनोन्‌महिने लांबतो.