कॅम बदलताय? आधी स्प्रिंग मोजा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये इंजिनच्या हेडचं (व्हॉल्व्ह बसतात त्या वरच्या भागाचं) काम शिकायला आलेला प्रत्येक नवा पोरगा कधी ना कधी विचारतोच, "दादा, मोठा कॅम टाकतोय, सगळ्यात कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग कुठली?" कडक म्हणजे चांगली हे आधी डोक्यातून काढा. कॅम फिरला की त्याचे उंचवटे, म्हणजे लोब, टॅपेटला ढकलून व्हॉल्व्ह उघडतात. व्हॉल्व्ह बंद होताना टॅपेट कॅमला धरून राहिलं पाहिजे, स्प्रिंगचं काम तेवढंच. नरम पडली तर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह तरंगतो, सीटवर आपटून उसळतो, कधी पिस्टनलाच धडकतो. उगाच कडक घातली तर लोब झिजतात. फ्लॅट (कॅमवर थेट घासणाऱ्या) टॅपेटच्या इंजिनात नवाकोरा कॅम रन-इनमध्येच, म्हणजे सुरुवातीला चालवून बसवतानाच, घासून जाऊ शकतो. टॅपेटला रोलर असेल तर जास्त दाब झेपतो.

म्हणून कॅमसोबतचं मापांचं कार्ड फेकू नका. त्यावर लिफ्ट (उचल) लोबवरची दिली असेल तर रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीच्या) रेशोने गुणा, आपल्याला व्हॉल्व्हवरची हवी.

आता माप. स्प्रिंग न घालता व्हॉल्व्ह, रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी), कॉटर (टोपी व्हॉल्व्हला अडकवणाऱ्या पाचरी) बसवा. रिटेनर वर ओढून धरा आणि स्प्रिंगच्या बैठकीपासून रिटेनरपर्यंतची उंची घ्या. ही इन्स्टॉल्ड हाइट प्रत्येक व्हॉल्व्हची वेगळी मोजायची, कॅटलॉगवर विसंबायचं नाही. व्हॉल्व्हची सीट कापून दुरुस्त केलेल्या हेडमध्ये व्हॉल्व्ह खोल बसतो, उंची वाढते आणि दाब गुपचूप कमी होतो.

समजा उंची 36 मिमी, तिथे दाब 30 किलो आणि पुढे दर मिलिमीटरला 5 किलो वाढ. 9 मिमी लिफ्टला दाब 75 किलो, उरलेली उंची 27. स्प्रिंगचे वेढे 24.5 ला एकमेकांना टेकत असतील तर अडीच मिमी जागा आहे, ठीक. त्याच स्प्रिंगवर 11 मिमीचा कॅम टाकला की उरतो अर्धा मिलिमीटर. मी दीडच्या खाली जात नाही. दाब कमी वाटला म्हणून स्प्रिंगखाली अर्ध्या मिमीची शिम (पातळ चकती) टाकलीत, तर अडीच किलो मिळतात खरे, पण तेवढीच जागा इथूनही जाते. रिटेनर आणि व्हॉल्व्ह सील (तेल अडवणारं) यांच्यामधली फटही पूर्ण लिफ्टला बघा; हे निम्मे लोक विसरतात.

एका सेटमधल्या स्प्रिंगही सारख्या नसतात. टेस्टरवर एकेक दाबून आकडा वहीत लिहा. नवी स्प्रिंग तापून थंड झाली की दाब थोडा उतरतो. हेड पुन्हा उघडलं तर हाच आकडा ताडून बघायला लागेल.

आणि हो, रोज घोडबंदर रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अडकणाऱ्या गाडीला रेसचा कॅम घालू नका, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. ऐकत कोणी नाही. मग निदान स्प्रिंग तरी कार्डावरच्या दाबाचीच द्या, आणि डबल स्प्रिंग असलेल्या फ्लॅट टॅपेट इंजिनात रन-इनपुरती आतली काढून ठेवा.