आयरिश पारंपरिक संगीताच्या सामुदायिक गटासोबत मंचावर कसे वाजवावे

दुसऱ्या महायुद्धानंतर कामाच्या शोधात आयर्लंडहून लंडनला आलेल्या माणसांनी कॅम्डन टाउन, किलबर्न अशा भागांतील पबमध्ये आपले पारंपरिक संगीत वाजवत ठेवले. १९५१ साली आयर्लंडमधील मलिंगार येथे सुरू झालेल्या ‘कोल्तस केल्तोरी एरन’ या आयरिश पारंपरिक संगीताच्या संस्थेच्या शाखाही त्या शहरात आहेत. आज तेथील सामुदायिक गटांत आयरिश नसलेले वादकही असतात. ज्यांना फिडल, टिन व्हिसल, बासरी, कॉन्सर्टिना किंवा बँजो यांपैकी एखादे वाद्य बऱ्यापैकी येते, काही चाली पाठ आहेत आणि आता गटासोबत मंचावर बसायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सर्वप्रथम सेशन आणि मंच यांची गल्लत करू नये. सेशनमध्ये वादक एकमेकांकडे तोंड करून गोल बसतात, कोणीही कोणतीही चाल सुरू करतो आणि ज्याला येते तो तीत सामील होतो. मंचावर सेट, म्हणजे एकापाठोपाठ एक सलग वाजवायच्या चालींचे संच, आधी ठरलेले असतात आणि समोर केवळ ऐकण्यासाठी आलेली माणसे बसलेली असतात. नवख्यांना मिळणारे बहुतेक चुकीचे सल्ले सेशनच्या सवयी जशाच्या तशा मंचावर आणल्यामुळे निर्माण होतात.

चाली गटाच्याच रेकॉर्डिंगवरून शिकाव्यात. एकाच नावाच्या चालीची अनेक रूपे प्रचलित असतात, आणि इंटरनेटवर सापडलेले रूप कितीही सुंदर असले तरी शेजारचा वादक दुसरे रूप वाजवत असेल तर दोन्ही वाया जातात. स्वरलेखन घरी वापरण्यास हरकत नाही, मंचावर मात्र ते नसावे.

हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकलेल्या मराठी वादकांनी आपली सा-प ची जुळवणी सोडून तारा जी, डी, ए, ई अशा लावाव्यात, कारण गटातील इतरांची बोटे त्याच जुळवणीवर बेतलेली असतात. स्वरांची ओळख मात्र त्यांना लवकर पटते. या संगीतातील पुष्कळ चाली बिलावल, खमाज आणि काफी या थाटांच्या स्वरांत बसतात. मींड आणि गमक बाजूला ठेवून येथील छोटे झटके आणि रोल (एका स्वराभोवती झटपट घेतलेले शेजारचे स्वर) स्वतंत्रपणे शिकावेत. तबला येणाऱ्यांना बाउरॉन हे एका हातातील दांडीने वाजवायचे चर्मवाद्य जवळचे वाटेल, पण एका वेळी एकच बाउरॉन वाजावा, हा नियम त्यांनीही पाळावा.

अकॉर्डियन आणि कॉन्सर्टिनाचे सूर मंचावर बदलता येत नाहीत, म्हणून इतरांनी त्यांच्याशी जुळवून घ्यावे. बसताना अर्धवर्तुळ करावे आणि म्होरक्या सर्वांना दिसेल अशा जागी असावा.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक चालींचे दोन भाग असतात. आठ बारांचा (बार म्हणजे ठराविक ठोक्यांचा एक छोटा गट) पहिला भाग दोनदा आणि आठ बारांचा दुसरा भाग दोनदा वाजवला की बत्तीस बारांची एक फेरी पुरी होते. अशा साधारण तीन फेऱ्या झाल्या की गट न थांबता पुढच्या चालीत जातो, आणि दोन किंवा तीन चालींचा एक सेट होतो. रील या नाचाच्या चालीच्या प्रत्येक बारमध्ये दोन ठोके धरले आणि वेग मिनिटाला १०० ठोक्यांचा ठेवला, तर तीन चालींचा सेट सुमारे पावणेसहा मिनिटे चालतो. या पावणेसहा मिनिटांत गट उघडा पडतो तो दोनच ठिकाणी, म्हणजे एका चालीतून दुसरीत जाण्याच्या सांध्यावर. ही जागा मलाही दीर्घकाळ अवघड गेली आहे, आणि तिच्याबद्दल मिळणाऱ्या सल्ल्यांइतके निरुपयोगी सल्ले मला अन्य कशाबद्दलही मिळालेले नाहीत.

अडचण कोठे आहे ते आधी नीट पाहावे. दुसरा भाग संपला की पुन्हा पहिल्या भागाकडे जायचे, असे आपण त्याच सेटमध्ये नुकतेच दोनदा केलेले असते, त्यामुळे तिसऱ्या वेळीही बोटे आपोआप तिकडेच वळतात. शिवाय घरी दुसरी चाल आपण नेहमी शांततेतून सुरू केलेली असते, तर मंचावर ती आधीच्या चालीच्या शेवटच्या स्वराला चिकटून सुरू करावी लागते. जिग हाही नाचाच्या चालींचाच एक प्रकार. ‘द केश’ या जिगनंतर ‘मॉरिसन्स’ ही जिग घेण्याचे उदाहरण पाहा. पहिली ‘जी’ या स्वराला षड्ज मानून बिलावलात चालत असून तिच्या प्रचलित रूपाचा शेवट वरच्या जीवर होतो. दुसरी ईला षड्ज मानून काफीच्या स्वरांत चालते आणि खालच्या, लांब ईवर एकदम सुरू होते. फिडलवर गज ई तारेवरून थेट डी तारेवर आणावा लागतो, तर व्हिसलवर जोराची फुंक एका क्षणात हलकी करावी लागते. फुंक हलकी झाली नाही तर तो ई वरच्या सप्तकात किंचाळतो, आणि नेमक्या त्याच क्षणी सर्वांचे कान टवकारलेले असतात.

यावर ‘सांध्यावर दोन बार गप्प राहा, म्होरक्याला पुढे जाऊ द्या आणि मग पकडा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. सेशनमध्ये तो चालतो, कारण तेथे पुढची चाल कोणती हे पुष्कळदा ठाऊकच नसते. मंचावर मात्र चालींचा क्रम महिनाभर आधी ठरलेला असताना अर्धा गट गप्प बसला, तर संगीत उसळायला हवे तेथेच ते पातळ होते. सांध्यानंतरचा पहिला स्वर सर्वांनी पूर्ण ताकदीने वाजवलाच पाहिजे. ज्याला तो अजून जमत नसेल त्याने गटाला तसे आधी सांगून त्या सेटमध्ये थांबावे.

सराव असा करावा. पहिल्या चालीचे शेवटचे चार बार आणि दुसरीचे पहिले चार बार वेगळे काढावेत आणि तो आठ बारांचा तुकडा ही जणू एक स्वतंत्र चाल आहे असे समजून तो पुन्हा पुन्हा, अतिशय संथपणे वाजवावा. त्याआधी तो तोंडाने म्हणावा. आयरिश परंपरेत निरर्थक अक्षरांवर चाल म्हणण्याची पद्धत आहेच, आणि जो सांधा तोंडाने म्हणता येत नाही तो बोटांनाही येत नाही, असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्या चालीच्या आधी एखाददुसरा उचलीचा स्वर असेल तर त्याची जागा पहिल्या चालीच्या शेवटच्या बारमध्येच काढावी लागते, म्हणून तेथे कोणता स्वर आखडता घ्यायचा हे सर्वांनी मिळून ठरवावे. तुकडा पक्का झाल्यावर पहिल्या चालीच्या तिसऱ्या फेरीपासून वाजवत यावे. संपूर्ण सेट सुरुवातीपासून वाजवण्याची घाई करू नये, कारण त्यामुळे पहिली चाल गुळगुळीत होते आणि तिसरी कच्ची राहते. घरी सराव तिसऱ्या चालीपासूनच सुरू करावा.

म्होरक्याने खूण शेवटच्या फेरीतील दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या वाजवणीच्या आरंभी करावी, मग ती पाय उचलून असो वा ‘हप’ असे ओरडून. शेवटच्या बारला केलेली खूण कोणाच्याही उपयोगाची नसते. तरीही खुणेवर पूर्ण विसंबून राहू नये, फेऱ्या प्रत्येकाने मनात मोजाव्यात.

सांधा पार पडला की हायसे वाटून सगळा गट पळू लागतो. नव्या चालीबरोबर आवाज वाढला तर चांगलेच, पण वेग वाढता कामा नये, आणि ती जबाबदारी गिटार व बाउरॉन यांची आहे. बाउरॉनवाल्याने सांध्यावर कोणतीही करामत करू नये. त्याने तेथे ठोका साधा आणि स्पष्ट ठेवावा, कारण त्या क्षणी इतर सर्वजण त्याच्याच आधारावर असतात.

सेटचा शेवटचा स्वर किती लांबवायचा ते आधी ठरवावे. केलीमध्ये, म्हणजे आयरिश सामूहिक नाचाच्या कार्यक्रमात, नाचासाठी वाजवत असाल तर तीन फेऱ्यांचा हिशेब सोडून द्यावा. तेथे नाच सांगणारा सांगेल तितक्या फेऱ्या वाजवाव्यात आणि वेग नाचणाऱ्यांच्या पायांवरून धरावा.

सेंट पॅट्रिक दिनाच्या, म्हणजे १७ मार्चच्या सुमारास उघड्यावर वाजवण्याची आमंत्रणे येतात, आणि तेव्हा लंडनमध्ये चांगलीच थंडी असते. थंडीत व्हिसल आणि बासरीचा सूर उतरतो, अकॉर्डियनचा मात्र जवळजवळ तसाच राहतो, म्हणून व्हिसल मंचावर जाईपर्यंत कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी आणि सूर मंचावर गेल्यावर पुन्हा तपासावा.