नॅनो सेन्सरमध्ये पीएचडी करायचीय? मग आधी बेसलाइन (गॅस सोडण्याआधीचं सेन्सरचं रीडिंग) बघायला शिका

केगावला सोलापूर विद्यापीठात फिजिक्स-केमिस्ट्रीत एमएस्सी करणारी पोरं नेहमी विचारतात, सर ग्राफीन, मॉलिब्डेनम डायसल्फाइड असल्या पातळ मटेरियलच्या सेन्सरवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू? म्हणून एकदाच लिहितो.

सगळ्यांचा जीव मटेरियल बनवण्यात अडकलेला असतो, एसईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) फोटो भारी आला की झालं असं वाटतं. पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. ग्राफीन एकाच अणूएवढं जाड, म्हणजे सगळे अणू पृष्ठभागावरच, त्यामुळे गॅस चिकटला की करंट लगेच हलतो. 2007 मध्ये मँचेस्टरच्या ग्रुपने तर एकेक रेणू बसताना-उठताना पकडला. पण जे गॅसला लागू तेच दमटपणाला, उजेडाला पण लागू. मे महिन्यात सोलापूरच्या कोरड्या उन्हात घेतलेली बेसलाइन आणि पहिल्या पावसानंतरची बेसलाइन सारखी येणार नाही, म्हणून प्रत्येक रीडिंगसोबत तापमान आणि आर्द्रता लिहायचीच.

नायट्रोजन डायऑक्साइड सोडला की हवेतल्या ग्राफीनचा रेझिस्टन्स खाली येतो, कारण हा गॅस इलेक्ट्रॉन ओढतो आणि हवेतल्या ग्राफीनमध्ये करंट वाहून नेणारे होल्स (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) वाढतात; अमोनिया उलट इलेक्ट्रॉन देतो, म्हणून त्याने रेझिस्टन्स वर जातो. हे स्क्रीनवर लाइव्ह बघायला फार भारी वाटतं. पण गॅस बंद केल्यावर रेषा परत जागेवर यायला खूप वेळ घेते, मग हीटिंग किंवा यूव्ही द्यावं लागतं. रिकव्हरीचा ग्राफ न दाखवणाऱ्या पेपरवर मी तरी लवकर विश्वास ठेवत नाही.

बायोसेन्सरकडे जाणार असाल तर डिबाय लेंथ, म्हणजे द्रवात चार्जचा परिणाम किती अंतरापर्यंत पोचतो ते, नीट समजून घ्या, इथेच बहुतेक जण अडकतात. रक्तातल्या क्षारांमुळे चार्जचा परिणाम जेमतेम 1 नॅनोमीटरपर्यंत पोचतो आणि प्रोटीन पकडायला सेन्सरवर लावलेली अँटीबॉडी असते 10 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे प्रोटीन येऊन चिकटलं तरी खालच्या सेन्सरच्या ट्रान्झिस्टरला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून बफर (सॅम्पलचं क्षारयुक्त द्रावण) पातळ करतात नाहीतर अ‍ॅप्टामरसारखा (डीएनए-आरएनएचा छोटा तुकडा) छोटा रिसेप्टर लावतात.

विषय शोधायला लांब जाऊ नका, टॉवेल-चादरीच्या डाइंगचं सांडपाणी आणि डाळिंबावरची फवारणी आपल्याकडेच आहे, सॅम्पल हाताशी मिळतं. नेट-सेटचा अभ्यास चालू ठेवा, आणि गाइड ठरवायच्या आधी लॅबमध्ये जाऊन मास फ्लो कंट्रोलर (गॅस मोजून सोडणारं यंत्र) आहे का, सोर्स मीटर (व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) लॅबचा स्वतःचा आहे की दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये नंबर लावावा लागतो, हे सीनियरला विचारूनच या.