'जो'ला 'तो' लागतो, 'हू'ला लागत नाही

इंग्रजी वाक्य लांबलं की आधी त्यातली क्रियापदं शोधा. फ्रेज (नुसता शब्दसमूह) आणि क्लॉज (उपवाक्य) यांतला फरक लांबीवर ठरत नाही, काळ लागलेल्या क्रियापदावर ठरतो. 'आफ्टर द रेन' ही फ्रेज, कारण क्रियापदच नाही. 'आफ्टर इट रेन्ड' हा क्लॉज: 'इट' कर्ता, 'रेन्ड' भूतकाळ. 'आफ्टर' दोन्हीकडे आहे, तेव्हा पहिल्या शब्दावरून ओळखायला जाल तर फसाल. 'द मॅन सिटिंग नियर द विंडो इन अ ब्लू शर्ट' हे एवढं लांबलचक असूनही फ्रेजच, कारण नुसत्या 'सिटिंग'ला काळ नसतो. 'द मॅन इज सिटिंग' म्हटलं की क्लॉज झाला. मराठीत 'बसलेला' आणि 'बसला आहे' यांत जो फरक, तोच हा.

क्लॉज मुख्य की गौण, हे तो एकटाच मोठ्याने म्हणून कळतं. 'व्हेन द बस केम' एवढं बोलून थांबा; ऐकणारा 'मग काय?' विचारणारच. तो गौण.

खरी अडचण येते ती रिलेटिव्ह प्रोनाउनपाशी, म्हणजे 'हू', 'विच', 'दॅट' अशा 'जो'सारख्या संबंधी सर्वनामांपाशी, आणि ती मराठीच्या सवयीमुळे येते. आपल्याकडे जोडी असते: 'जो मुलगा काल आला, तो माझा मामेभाऊ.' इंग्रजीत 'जो' आहे, 'तो' नाही. शिवाय क्लॉज नामाच्या आधी न येता नामाला चिकटून मागे येतो: 'द बॉय हू केम येस्टरडे इज माय कझिन.' मनातला 'तो' सुटत नाही, म्हणून 'द बॉय हू केम येस्टरडे, ही इज माय कझिन' असं लिहिलं जातं. तो 'ही' खोडा. 'द बुक दॅट आय बॉट इट' मधला 'इट'सुद्धा खोडा. त्याची जागा 'दॅट'ने आधीच घेतली आहे.

दोन वाक्यं जोडताना क्रम असा ठेवा. 'आय नो अ फार्मर. हिज वेल ड्राइज अप इन मार्च.' दुसऱ्या वाक्यात शेतकऱ्याबद्दल आलेला शब्द कोणता? 'हिज'. मराठीत तिथे 'ज्याची' येईल, म्हणून 'हिज' काढून 'हूज' घाला आणि तो क्लॉज 'फार्मर'च्या लगेच मागे ठेवा: 'आय नो अ फार्मर हूज वेल ड्राइज अप इन मार्च.' 'लगेच मागे' याला महत्त्व आहे. 'ही सोल्ड द काऊ टु हिज नेबर दॅट गेव्ह टेन लिटर्स ऑफ मिल्क' या वाक्यात दहा लिटर दूध शेजारी देतो! 'दॅट'चा क्लॉज उचलून 'काऊ'च्या मागे न्या.

माणसासाठी 'हू', वस्तूसाठी आणि एरवी प्राण्यांसाठी 'विच', 'दॅट' दोन्हींना चालतो. 'ज्याला' असेल तिथे नियमाने 'हूम', पण बोलताना बहुतेक जण 'हू'च म्हणतात. मराठीत विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय 'ज्या'च्या बाजूलाच अडकतं: ज्यावर, ज्यात, ज्याच्याशी. इंग्रजीत ते प्रिपोझिशन होऊन अनेकदा वाक्याच्या शेपटाला जातं, आणि तिथेच विसरलं जातं. 'ज्या खुर्चीवर मी बसलो' म्हणजे 'द चेअर दॅट आय सॅट ऑन'. नुसतं 'आय सॅट' म्हटलं तर 'वर' कुठे गेलं? ऑफिसच्या पत्रात 'द चेअर ऑन विच आय सॅट' शोभतं. 'ऑन दॅट आय सॅट' मात्र कधीच नाही, कारण प्रिपोझिशनच्या मागे हा 'दॅट' बसत नाही.

'दॅट' कधी गाळता येतो? त्याच्या पुढचा शब्द पाहा. पुढे नवा कर्ता असेल तर गाळा: 'द बुक आय बॉट'. पुढे थेट क्रियापद असेल तर हात लावू नका. 'द मॅन केम येस्टरडे इज माय अंकल' हे वाक्य मोडकं आहे, 'मॅन'पुढे 'हू' हवाच.

स्वल्पविराम इथे अर्थ बदलतो. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नाशिक इज अ डॉक्टर' म्हणजे 'माझा जो भाऊ नाशिकला राहतो, तो'. भाऊ एकाहून जास्त आहेत. 'ब्रदर'नंतर आणि 'नाशिक'नंतर स्वल्पविराम दिले की भाऊ एकच, नाशिकचा उल्लेख जाता जाता केलेला. अशा क्लॉजमध्ये 'दॅट' चालत नाही, 'हू' गाळताही येत नाही. स्वल्पविराम दोन्ही लागतात. दुसरा हमखास राहतो.

शेवटी, दिसला 'दॅट' की रिलेटिव्ह, असंही समजू नका. 'द न्यूज दॅट ही ब्रॉट वॉज फॉल्स' म्हणजे 'त्याने जी बातमी आणली'. 'द न्यूज दॅट ही रिझाइन्ड वॉज फॉल्स' म्हणजे 'बातमी अशी की त्याने राजीनामा दिला'. मराठीत 'जो-जी-जे' आलं तर रिलेटिव्ह, 'की' आलं तर नाउन क्लॉज, म्हणजे नामासारखं काम करणारा क्लॉज. पडताळा म्हणून 'विच' घालून बघा: पहिल्यात बसतो, दुसऱ्यात नाही. 'हू'चंही तसंच. 'आय नो हू केम' मध्ये 'हू' म्हणजे 'कोण', 'जो' नव्हे. त्याच्या आधी चिकटायला नामच नाही.