चौथं हिपहॉप स्टेशन काढताय? मग आधी फॉर्मॅट ठरवा

मी नवी मुंबईत घणसोलीला घरातल्या घरात एक छोटा ऑनलाइन हिपहॉप रेडिओ चालवतो. चांगल्या दिवशी एका वेळी चाळीस-पन्नास जण ऐकत असतात, बस एवढंच. तरी मेसेज येतात, दादा आम्ही पण स्टेशन चालू करतोय, माईक कुठला घेऊ? माईकचं शेवटी सांगतो. ठाण्यात एका पोरांच्या ग्रुपचं स्टेशन आहे, नेरूळला एक आहे, एक माझं, आणि खरं सांगायचं तर वर्षभर आम्ही तिघंही आलटून पालटून तीच गाणी वाजवत होतो, त्यात चौथे तुम्ही आलात तर माणसाने आमचं बंद करून तुमचं का लावायचं? याचं उत्तर म्हणजे फॉर्मॅट, म्हणजे कुठल्या वेळी कुठली गाणी, कोण बोलणार आणि कोणासाठी.

तर पहिलं काम, वही घ्या आणि आठवडाभर बाकीच्यांची स्टेशनं ऐका. आवडीने नाही, हिशोबनीसासारखं. सकाळी आठ ते नऊ, संध्याकाळी सात ते आठ, रात्री अकरानंतर. गाणं कुठलं, भाषा कुठली, साधारण कुठल्या सालचं, तेच गाणं परत किती वेळाने आलं, आरजे किती मिनिटं बोलला आणि नुसतं "लव्ह यू गाईज" सोडून काही बोलला का. मी हे केलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. संध्याकाळी तिन्हीकडे तीच वीसेक हिंदी गाणी, आणि सकाळी तिन्हीकडे माणूसच नाही, नुसती ऑटो प्लेलिस्ट, कारण आम्ही सगळे रात्री जागणारे. म्हणजे ज्या वेळेला लोक कानात हेडफोन घालून लोकलमध्ये उभे असतात त्या वेळेला आम्ही झोपलेलो. माझी पहिली मोकळी जागा मला तिथे सापडली, गाण्यांमध्ये नाही.

अमेरिकेत ही भांडणं चाळीस वर्षं चाललीत, तिथून थोडं उचलता येतं. न्यूयॉर्कमध्ये हॉट ९७ नावाचं एफएम नव्वदच्या दशकात डान्स म्युझिक सोडून हिपहॉपवर गेलं आणि बरीच वर्षं तिथला दादा होतं. मग २००२ मध्ये, आधी जुनी सोल-डिस्को गाणी लावणारं एक स्टेशन पॉवर १०५.१ झालं आणि थेट त्याच गाण्यांवर येऊन बसलं. गाणी जवळपास सेम, म्हणून लढाई गेली माणसांवर, म्हणजे सकाळच्या शोला कोण बसतं यावर. पॉवरने २०१० च्या शेवटी तीन जणांचा गप्पांचा शो सुरू केला, द ब्रेकफास्ट क्लब, आणि तो देशभर गेला. दुसरा रस्ता ह्यूस्टनचा. तिथे बातम्यांचं एक एफएम चालत नव्हतं, त्यांनी २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये ते सरळ क्लासिक हिपहॉपवर टाकलं, ऐंशी-नव्वदच्या दशकातली आणि दोन हजारच्या सुरुवातीची गाणी, आणि काही महिन्यांत बऱ्याच शहरांत तीच लाट. कारण साधं होतं, ती गाणी कॉलेजात ऐकलेली पोरं आता चाळिशीची झालेली, पगार घेणारी, गाडी चालवणारी, आणि जाहिरातवाल्याला तीच हवी असतात. नंतर ह्यूस्टनच्या त्या स्टेशनने तो फॉर्मॅटही सोडला ते वेगळं. तर गाणी तीच ठेवायची असतील तर माणूस वेगळा पायजे, माणूस नसेल तर वय किंवा भाषा वेगळी पायजे.

आता आपल्याकडे. "आम्ही फक्त मराठी हिपहॉप चोवीस तास" असं म्हणणारे मला खूप आवडतात पण आधी गाणी मोजा. तासाला आठ मिनिटं बोलणं, चार मिनिटं जिंगल वगैरे धरलं तर गाण्यांना अठ्ठेचाळीस मिनिटं राहतात, तीन मिनिटांचं एक धरलं तर सोळा गाणी. दिवसाला ३८४. तुमच्याकडे परवानगी असलेली, नीट मिक्स झालेली, आईसमोर लावता येतील अशी १२० मराठी गाणी असतील तर प्रत्येक गाणं रोज तीन वेळा वाजणार, दुसऱ्या आठवड्यात तुम्हालाच वैताग येईल. म्हणून मी मराठीचा पट्टा केला, सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि संध्याकाळी सात ते नऊ, बाकी वेळ जास्त करून हिंदी आणि जुनं बूमबॅप, म्हणजे नव्वदच्या दशकातलं ठोक्याचं हिपहॉप. आणि त्या पट्ट्यात आगरी बोलीतली गाणी मुद्दाम घातली. नवी मुंबई ज्या गावांच्या जमिनीवर उभी आहे तिथली पोरं हळदीच्या बीटवर पण नाचतात आणि रॅप पण करतात, आणि त्यांचं गाणं लागलं की अख्खा पाडा ऐकतो, हे स्पॉटिफायच्या कुठल्याच लिस्टला जमणार नाही. नेरूळवाले मला हसले होते, आता ते पण लावतात, चालायचंच.

ऐकणारा तासभर बसत नाही हे पण डोक्यात ठेवा. ठाणे ते वाशी लोकल साधारण अर्धा तास, म्हणजे आठ गाणी. त्यामुळे मी घड्याळ, म्हणजे कुठल्या मिनिटाला काय लागणार त्याचा आराखडा, तासाचं न बनवता अर्ध्या तासाचं बनवलं, ऐरोलीला चढलेला माणूस सानपाड्याला उतरेपर्यंत त्याला स्टेशनचा स्वभाव कळला पायजे. अर्ध्या तासात दोन हिट, दोन मराठी, एक आपल्या एरियातल्या नवीन पोराचं, बाकी जुनं, आणि मध्ये एकदा जिवंत माणूस बोलला पायजे. काय बोलायचं तर रविवारी मेगाब्लॉक कुठल्या लाईनला आहे, रबाळ्याला ठाणे-बेलापूर रोड तुंबलाय का, असलं. मोठे एफएमवाले अख्ख्या मुंबईचं सांगतात, तुम्ही एकाच लाईनचं सांगा.

रोटेशनमध्ये, म्हणजे तीच गाणी फिरवून लावण्यात, एक चूक सगळे करतात, मी पण केली. हिटच्या लिस्टमध्ये बारा गाणी ठेवली आणि तासाला चार लावली तर प्रत्येक गाणं बरोबर तीन तासांनी येतं, आणि चोवीसला तीनने भाग जातो, म्हणजे ८:१० ची लोकल पकडणाऱ्याला रोज तेच गाणं. अकरा ठेवा. मग ते पावणेतीन तासांनी फिरतं आणि रोज वेळ सरकत जाते. एका गाण्याचा फरक.

परवानगीचं टाळू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून ३१डी कलम आहे, त्यात ब्रॉडकास्टरला ठरवून दिलेल्या दराने लायसन्स मिळतं, पण मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं की इंटरनेटला ते लागू नाही आणि २०२२ मध्ये तिथल्याच दोन जजच्या डिव्हिजन बेंचनेही तेच कायम ठेवलं. म्हणजे लेबलच्या गाण्यासाठी रेकॉर्डिंगचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याशी बोलायचं आणि शब्द-चालीसाठी आयपीआरएसशी, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेशी. म्हणून सुरुवातीला ज्यांचं कुठे साइन झालेलं नाही अशा पोरांकडून लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर "हा भाई बिंदास लाव" चालत नाही. आणि बीट, म्हणजे रॅपच्या खालचं म्युझिक, कोणाचा ते विचाराच. एका पोराने स्वतःचं म्हणून गाणं दिलं, मी आनंदाने लावलं, बीट निघाला नेटवरचा, फक्त नॉन-प्रॉफिट वापराला फुकट असलेला, आणि माझ्या शोला तेव्हा एका वडापाववाल्याची जाहिरात होती. बीटवाल्याने तक्रार केली, सर्व्हरवाल्याने दोन दिवस स्ट्रीम बंद ठेवली. आता मी पोरांकडून लेखी घेतो त्या फॉर्ममध्ये बीटचा रकाना वेगळा आहे.

एफएमचं स्वप्न असेल तर खासगी एफएमला लिलावात फ्रिक्वेन्सी घ्यावी लागते, ते आपलं काम नाही. कम्युनिटी रेडिओ एकट्या माणसाला मिळत नाही, कॉलेज किंवा ना-नफा संस्था लागते. ऑनलाइन राहा. अझुराकास्ट नावाचं ऑनलाइन रेडिओ चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, शेड्यूल तेच सांभाळतं. स्ट्रीमची क्वालिटी ६४ केबीपीएस एएसी प्लस ठेवा, ऐकणाऱ्याचा तासाला २९ एमबीच्या आसपास डेटा जातो, १२८ ला दुप्पट, आणि लोकलच्या गर्दीत फरक कोणाला कळत नाही.

फॉर्मॅट ठरला की तीन महिने हात लावू नका. मी पहिल्या वर्षी चार वेळा बदलला आणि दर वेळी जे दहा-बारा जण जमले होते ते पण गेले.

आणि हो, माईक. डायनॅमिक घ्या, तो जवळचाच आवाज नीट पकडतो, तोंडाजवळ धरून बोला. मी आधी हौसेने कंडेन्सर घेतला होता, तो लांबचं बारीकसारीकही पकडतो, सकाळच्या पहिल्याच शोला शेजारच्या काकूंच्या कुकरच्या तीन शिट्ट्या स्पष्ट ऑन एअर गेल्या आणि चॅटमध्ये एकाने विचारलं, बीट कोणाचा आहे भाई?